अल्प भांडवलाचा मुक्त पडदा : प्रस्तावना

ज्या चित्रपटांचा परिचय पुढील प्रकरणांतून करून द्यावयाचा आहे, ते मराठी वाचकांपैकी फार थोड्यांच्या पाहण्यात आले असतील, आणि त्यांच्याविषयी जे काही आपल्या कानांवर आले आहे तेही बहुधा जप्ती, खटला आणि अश्लीलता यांच्या वार्तांतूनच आले आहे. अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्क शहरात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून पुढे सुमारे चाळीस-पंचेचाळीस वर्षे काही थोड्या स्त्रीपुरुषांनी हॉलिवूडच्या कारखानदारीपासून सर्वस्वी अलग राहून, स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून, राहत्या घरांत, गच्च्यांवर आणि भाड्याच्या खोल्यांत, मित्रांनाच नटनटी करून जे चित्रपट निर्माण केले, त्यांचा हा इतिहास आहे. त्यांना पुढे ‘भूमिगत’ म्हटले गेले, आणि त्यांतील काहींनी समाजमान्य मर्यादांचा इतका उघड भंग केला की पोलीस, न्यायाधीश व कायदेमंडळाचे सभासद यांनाही त्यांची दखल घ्यावी लागली. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट आग्रहाने मांडावयाची आहे. या चित्रपटांचे दारिद्र्य आणि त्यांचे धाडस ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत; ज्या कलावंताने कोणाकडे पैसा मागितला नाही त्याला कोणाची मंजुरीही मागावी लागली नाही, आणि त्याने पडद्यावर जे आणले त्याचा विचार या स्वातंत्र्याच्या जमाखर्चासह केला तरच तो न्याय्य होईल.

कवीला कागद पुरतो आणि चित्रकाराला रंग व फलक पुरतात. परंतु चित्रपट ही कला जन्मापासूनच यंत्राची, रसायनांची आणि म्हणून भांडवलाची आश्रित राहिली आहे. जो रक्कम गुंतवतो तो परताव्याची अपेक्षा ठेवतो, परताव्यासाठी मोठा प्रेक्षकवर्ग लागतो, आणि मोठा प्रेक्षकवर्ग दुखावू नये म्हणून विषय, संवाद व दृश्ये यांना कात्री लावणे गुंतवणूकदारालाच सोयीचे वाटते. हॉलिवूडने १९३० साली स्वतःहून स्वीकारलेली आणि १९३४ पासून कठोरपणे अंमलात आणलेली आचारसंहिता याच व्यवहारबुद्धीतून जन्मली, आणि ती १९६८ पर्यंत टिकली. तिच्या जोडीला निरनिराळ्या राज्यांची परीक्षण मंडळे होती. न्यूयॉर्क राज्यात तर परवान्यावाचून चित्रपट व्यावसायिक रीतीने दाखवताच येत नसे. चित्रपट हा निव्वळ धंदा असून भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला लागू नाही, हा १९१५ सालचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रोसेलिनीच्या ‘द मिरॅकल’ या चित्रपटाच्या प्रकरणात १९५२ साली फिरवला, तोपर्यंत अमेरिकेतील चित्रकर्त्याला कायद्याच्या दृष्टीने लेखकाची प्रतिष्ठाच नव्हती. अशा रीतीने त्याच्या वाटेत दोन चौक्या उभ्या होत्या, एक सावकाराची आणि दुसरी सरकारची. अल्प भांडवलाच्या चित्रपटाने पहिली चौकी टाळली. दुसरीशी मात्र त्याला झगडावे लागले.

पहिली चौकी टाळता आली याचे श्रेय ज्या साधनांना आहे, ती मुळी या हेतूने निर्माणच झाली नव्हती. कोडॅक कंपनीने १९२३ साली सोळा मिलिमीटरची आणि १९३२ साली आठ मिलिमीटरची फीत बाजारात आणली, ती सुखवस्तू कुटुंबांना आपल्या सहली आणि मुलांचे वाढदिवस टिपून ठेवता यावेत म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये तयार होणारा बोलेक्स कॅमेरा किल्ली देऊन चालत असे; एकदा किल्ली दिली की अर्ध्या मिनिटाच्या आतच तो थांबे, आणि शंभर फुटांचे एक रीळ तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ पुरे. या सक्तीमुळे प्रत्येक दृश्य आखूड राहिले, ध्वनी बहुधा मागाहून जोडावा लागला, आणि हाती आलेल्या तुकड्यांतून अर्थ उभा करण्याची सगळी भिस्त संकलनावर पडली. जिला समीक्षकांनी पुढे या परंपरेची शैली म्हणून गौरवले, तिचा पुष्कळसा भाग या यंत्राच्या कुवतीतून उपजलेला आहे.

कीव्ह येथे जन्मलेल्या आणि बालपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेल्या माया डेरेन यांनी १९४३ साली पती अलेक्झांडर हॅमिड यांच्यासह स्वतःच्या घरात ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा लघुपट चित्रित केला, तेव्हा किल्ली, सुरी, आरसा व जिना अशा घरातल्याच वस्तूंतून त्यांनी एका स्त्रीच्या अंतर्मनाचे स्वप्नवत् चित्र उभे केले. त्याहूनही महत्त्वाचे असे की चित्रपट करून त्या थांबल्या नाहीत. १९४६ साली न्यूयॉर्कमधील प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस हे नाट्यगृह भाड्याने घेऊन त्यांनी आपले चित्रपट लोकांसमोर मांडले, महाविद्यालयांतून व्याख्याने दिली आणि प्रतींचे वितरण स्वतः पाहिले. नाझींच्या छळामुळे व्हिएन्ना सोडून आलेले एमॉस व्होगेल यांनी १९४७ साली ‘सिनेमा १६’ ही संस्था स्थापिली, तिला डेरेन यांच्या उदाहरणाचे पाठबळ होते. सभासदांपुरते खाजगी खेळ असल्याने राज्याच्या परीक्षणाचा जाच या संस्थेला होत नसे, आणि सभासदांची संख्या पुढे हजारांच्या घरात गेली. कर्ता निर्माण झाला होता; आता प्रेक्षकही निर्माण झाला.

द्रव्याचा अभाव कल्पकतेला कसे वळण लावतो, याची तीन उदाहरणे मला फार मोलाची वाटतात. ब्रूस कॉनर यांनी १९५८ साली ‘अ मूव्ही’ हा बारा मिनिटांचा चित्रपट केला, तो स्वतः एकही दृश्य न टिपता; जुन्या वार्तापटांची, पाठलागांची आणि अपघातांची विकत मिळालेली रिळे कापून त्यांनी त्यांची अशी गुंफण केली की मनोरंजनासाठी जमवलेला विनाश शेवटी एका युगाचा शोकलेख होऊन बसतो. स्टॅन ब्रॅकेज यांना १९६३ च्या सुमारास फीत विकत घेणेही जड जात होते, तेव्हा दिव्यांवर झेपावून मेलेल्या पतंगांचे पंख, गवताची पाती आणि पाकळ्या पारदर्शक चिकटपट्टीवर लावून त्यांनी कॅमेऱ्यावाचून ‘मॉथलाइट’ सिद्ध केला. ब्राँक्समधल्या जॉर्ज व माइक कुचर या जुळ्या भावांनी कुमारवयातच आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने हॉलिवूडच्या भव्य शोकनाट्यांचे आपल्या परीने पुनर्निर्माण आरंभिले. शेजारच्या बायका त्यांच्या नायिका झाल्या आणि घरातले पडदे राजवस्त्रे झाले. त्यांपैकी जॉर्ज यांच्या ‘होल्ड मी व्हाइल आय ॲम नेकेड’ या १९६६ सालच्या चित्रपटात एका एकाकी दिग्दर्शकाची जी करुण कहाणी दिसते, ती खर्चिक साजात सांगितली असती तर खोटी वाटली असती. या तिन्ही ठिकाणी उणीव झाकण्याचा यत्न नाही. उणीव हाच रचनेचा पाया आहे.

परंतु एकेकट्याच्या कल्पकतेतून परंपरा उभी राहत नाही. तिला संस्थेचा आधार लागतो, आणि तो आधार योनास मेकस या लिथुएनियातील शेतकरी कुटुंबात १९२२ साली जन्मलेल्या कवीने दिला. नाझींच्या श्रमछावणीतून आणि नंतरच्या निर्वासित छावण्यांतून निघून १९४९ साली न्यूयॉर्कला पोचलेल्या या गृहस्थाने थोड्याच दिवसांत उसनवारीने बोलेक्स कॅमेरा घेतला. पुढे बंधू अडोल्फास यांच्यासह ‘फिल्म कल्चर’ हे नियतकालिक काढले, ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात १९५८ पासून चित्रपटविषयक सदर चालवले आणि १९६२ साली सहकाऱ्यांच्या साहाय्याने ‘फिल्म-मेकर्स को-ऑपरेटिव्ह’ ही चित्रकर्त्यांची सहकारी संस्था उभारली. या संस्थेचा मूळ नियम असा की कोणाचाही चित्रपट नाकारावयाचा नाही. चित्रकर्त्याने प्रत आणून द्यावी, संस्थेने तिची नोंद सूचीत करावी, आणि भाड्याचा मोठा हिस्सा चित्रकर्त्याच्या पदरी पडावा. निवड करणारा कोणी नसल्यामुळे निवडणाऱ्याला खूश करण्याचे कारणही उरले नाही. या युगाची सर्वांत क्रांतिकारक कृती कोणती असे मला विचारले, तर मी कोणत्याही चित्रपटाचे नाव घेण्याआधी या नियमाचे नाव घेईन. कारण पडद्यावरील सर्व धाडसे त्याच्या आश्रयाने झाली.

त्या धाडसांचा मुकुटमणी म्हणजे जॅक स्मिथ यांचा ‘फ्लेमिंग क्रीचर्स’. मॅनहॅटनच्या दक्षिण-पूर्व भागातील गरीब वस्तीत, ग्रँड स्ट्रीटवरील एका जुन्या चित्रपटगृहाच्या गच्चीवर, १९६२ साली स्मिथ यांनी मुदत उलटून गेलेल्या फितीवर हा पाऊण तासाचा चित्रपट टिपला. फीत शिळी असल्याने चित्र कोठे धुरकट होते तर कोठे पांढऱ्या प्रकाशात विरघळून जाते. स्त्रीवेष धारण केलेले पुरुष आणि खऱ्या स्त्रिया यांतला भेद त्या धूसरतेत पुसला जातो. नृत्य, ओठ रंगवण्याचा सोहळा, सामूहिक कामक्रीडेचे व बलात्काराचे दृश्य, भूकंप आणि शवपेटीतून उठणारी रक्तपिपासू सुंदरी हे सर्व जुन्या गाण्यांच्या तबकड्यांच्या साथीने एकामागून एक येते. स्मिथ यांच्या मनात बालपणापासून मारिया माँटेझ या नटीच्या स्वस्त अरबी कथापटांची मोहिनी होती, आणि समीक्षकांनी टाकाऊ ठरवलेल्या त्या नटीच्या अभिनयात त्यांना श्रद्धेची निखळता दिसे. म्हणून हा चित्रपट पाहताना जाणवते ती उत्तेजना फारशी नाही. जगाने हास्यास्पद ठरवलेल्या माणसांना एका गच्चीवर काही काळ लाभलेल्या सौंदर्याचा उत्सव जाणवतो. यातील नग्नता ओझरती, जवळजवळ निरागस आहे, हे मत मी पूर्ण जबाबदारीने नोंदवतो. बलात्काराच्या दृश्याविषयी मात्र ते मला म्हणता येत नाही, आणि त्याची चर्चा मी स्वतंत्र प्रकरणात केली आहे.

१९६३ च्या एप्रिलमध्ये ब्लीकर स्ट्रीट सिनेमात मध्यरात्री हा चित्रपट प्रथम जाहीरपणे दाखवला गेला, आणि ‘फिल्म कल्चर’ने त्या वर्षीचे आपले पारितोषिक त्यालाच दिले. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये जागतिक प्रदर्शन भरावयाचे होते, आणि त्या सुमारास शहराच्या कारभाऱ्यांनी कॉफीगृहे, विनोदी वक्ते व लहान नाट्यगृहे यांच्यावर करडी नजर धरली होती. त्या वर्षीच्या ३ मार्च रोजी न्यू बाउरी थिएटरमध्ये खेळ चालू असता पोलिसांनी प्रत व यंत्र जप्त केले आणि मेकस, चित्रकर्ते केन जेकब्ज व त्यांचे सहकारी यांना अटक केली. त्याच वेळी अँडी वॉरहॉल यांनी स्मिथ यांच्या चित्रणावर घेतलेला एक लहानसा वार्तापटही पोलिसांच्या हाती गेला, तो पुन्हा कधी परत आला नाही. लेखिका सूझन सोंटॅग आणि कवी ॲलन गिन्सबर्ग यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली. तथापि जूनमध्ये आरोपी दोषी ठरले, आणि मेकस व जेकब्ज यांना झालेली साठ दिवसांची शिक्षा तहकूब ठेवण्यात आली. अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, परंतु १९६७ साली न्यायालयाने मूळ प्रश्नाला हात न घालता ते निकालात काढले. बहुमताशी असहमत होऊन शिक्षा रद्द करण्याचे मत देणारे न्यायमूर्ती एब फोर्टस यांची पुढल्याच वर्षी सरन्यायाधीशपदी नेमणूक होऊ घातली, तेव्हा सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी तिला विरोध करताना याच चित्रपटाचे खेळ आपल्या सहकाऱ्यांसाठी लावले. गच्चीवर शिळ्या फितीवर टिपलेले एक स्वप्न देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या नेमणुकीत हत्यार म्हणून वापरले गेले, यावरून भांडवल आणि परिणाम यांचे प्रमाण व्यस्तही असू शकते, हे ध्यानी यावे.

मराठी वाचकाला या इतिहासात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि ती कथा अश्लील नाही असा निर्णय १९६९ साली लागला. एकाच दशकात दोन लोकशाही राष्ट्रांतील न्यायालये एकच प्रश्न तपासत होती: कलाकृतीतील देहाचा उल्लेख कोणत्या प्रेक्षकाच्या, कोणत्या वाचकाच्या नजरेने मोजावयाचा? त्या प्रश्नाला कोणत्याही संहितेत कायमचे उत्तर सापडलेले नाही, आणि सापडेल असेही मला वाटत नाही.

अमेरिकेतील या धाडसाच्या कथेला एक दुःखाची बाजू आहे, आणि ती वगळली तर हा इतिहास भाटगिरी ठरेल. खटल्याने ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ला कीर्ती दिली, पण ती कीर्ती आपल्या कृतीतील आनंदाला ग्रासणारी आहे असे स्मिथ यांना वाटले; ज्या मेकस यांनी त्या चित्रपटापायी तुरुंगाची जोखीम पत्करली, त्यांनाच ते आपल्या श्रमांवर जगणारा शोषक म्हणू लागले आणि अखेरपर्यंत म्हणत राहिले. यापुढे त्यांनी कोणताही मोठा चित्रपट पूर्ण केला नाही. ‘नॉर्मल लव्ह’ या आपल्या पुढच्या चित्रपटाची रिळे ते प्रत्येक खेळाच्या वेळी यंत्राजवळ उभे राहून कापत, जोडत, तबकड्या बदलत, त्यामुळे दोन खेळ कधी सारखे होत नसत. जी कृती पूर्णच होत नाही ती जप्त करता येत नाही, विकता येत नाही आणि संग्रहालयात ठेवता येत नाही, असा त्यामागील विचार असावा असे मी मानतो. तिकडे मेकस यांनी १९७० साली सहकाऱ्यांसह ‘अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्ज’ स्थापिले आणि तेथे नित्य दाखवण्याजोग्या श्रेष्ठ चित्रपटांची यादी करण्यासाठी मंडळ नेमले. कोणालाही नाकारू नये असे सांगणाऱ्याच पिढीला आता निवड करावी लागली. जतन करावयाचे तर निवडावे लागते आणि निवडले की काही जण दाराबाहेर राहतात, हा पेच कोणाच्या दांभिकतेतून आलेला नसून कालाच्या आणि द्रव्याच्या मर्यादेतून आलेला आहे. मेकस आणि स्मिथ या दोघांविषयीही मला आदर वाटतो, आणि त्या दोघांपैकी एकाला खलपुरुष करण्याचे पुढील पानांत मी कटाक्षाने टाळले आहे.

सत्तरच्या दशकात या सिनेमाला मध्यरात्रीचा पडदा मिळाला. नेहमीचे खेळ संपल्यावर रिकामे पडणारे गृह स्वस्तात मिळे, आणि न्यूयॉर्कच्या एल्जिन थिएटरने १९७० पासून अशा खेळांची प्रथाच पाडली. बॉल्टिमोरचे जॉन वॉटर्स यांनी वडिलांकडून उसन्या घेतलेल्या दहा-बारा हजार डॉलरांत मित्रमंडळींसह केलेला ‘पिंक फ्लेमिंगोज’ हा १९७२ सालचा चित्रपट तेथेच गाजला. त्याच्या शेवटी डिव्हाइन हा स्त्रीवेषधारी नट कुत्र्याची विष्ठा खरोखरच तोंडात घालतो. किळस हेच येथे कलेचे द्रव्य आहे, आणि तरीही सभ्यतेच्या स्पर्धेत कायम हरलेल्या माणसांनी असभ्यतेची स्पर्धा जिंकावी ही त्यामागची कल्पना निखळ विनोदाची आहे. हाच चित्रपट २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी दाखल झाला.

पुढे १९८५ साली निक झेड यांनी टोपणनावाने ‘मर्यादाभंगाच्या सिनेमा’चा जाहीरनामा आपल्या ‘अंडरग्राउंड फिल्म बुलेटिन’मध्ये छापला, त्यात चित्रपटविद्यालये नष्ट करण्याची आणि कंटाळवाणा चित्रपट कधीही न करण्याची हाक होती. स्वस्त सुपर आठ फितीवर काम करणाऱ्या झेड, रिचर्ड कर्न, लिडिया लंच, टेसा ह्यूज-फ्रीलँड आणि डेव्हिड वॉयनारोविच यांच्या या मंडळीभोवती पडझड झालेल्या इमारती, मादक द्रव्ये आणि एड्सचे सावट होते. आधीची पिढी सन्मानित होऊन विद्यापीठांत शिरली आहे, हा त्यांचा रोष समजण्यासारखा आहे. परंतु धक्का देणे हेच एकदा ध्येय ठरले की प्रत्येक धक्का मागल्यापेक्षा मोठा करावा लागतो, आणि तो बहुधा दुर्बळाच्या, विशेषतः स्त्रीच्या, देहावर दिला जातो. कर्न यांच्या काही चित्रपटांविषयी घेतलेला हा आक्षेप मला ग्राह्य वाटतो, जरी लिडिया लंच यांनी त्यांत स्वतःच्या छळाचीच कथा स्वतः मांडल्याचे प्रतिपादन केले असले तरी. याउलट बार्बरा रुबिन या अठरा वर्षांच्या मुलीने १९६३ साली केलेल्या ‘ख्रिसमस ऑन अर्थ’मध्ये देह पूर्णपणे उघडे आहेत, पण एका प्रतिमेवर दुसरी प्रतिमा पाडून त्यांचे जे चित्र तिने घडवले आहे, त्यात कोणाचाही अवमान नाही.

येथे मी माझा निकष स्पष्ट करतो. मर्यादा मोडणे हा स्वतःपुरता गुण नाही आणि दोषही नाही. मर्यादा मोडताना जोखीम कोणाच्या अंगावर पडली, कर्त्याच्या की ज्याला बोलता येत नाही अशा दुसऱ्याच कोणाच्या, हे पाहावे. आणि मर्यादा मोडल्यावर जे दिसू लागले ते यापूर्वी दडवलेले सत्य होते की नुसता उकिरडा, हे पाहावे. या दोन कसोट्यांवर स्मिथ, रुबिन, वॉटर्स आणि याच परंपरेतील केनेथ अँगर हे उतरतात असा माझा अभिप्राय आहे. इतर काहींच्या बाबतीत मी प्रतिकूल मत दिले आहे आणि त्याची कारणेही दिली आहेत.

आपल्या चित्रपटाचा आरंभही अल्प भांडवलातूनच झाला, हे येथे आठवले पाहिजे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली आयुर्विम्याच्या आधारावर कर्ज काढून विलायत गाठली, परत आल्यावर भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी घरीच वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी स्वयंपाकपाण्यापासून फितीवरील प्रक्रियेपर्यंत सर्व भार उचलला. पुढे साठच्या दशकात मुंबईच्या लघुअनियतकालिकांनी सायक्लोस्टाइल यंत्रावर जे साहित्य काढले, त्यामागेही प्रकाशकाची मंजुरी न मागण्याचीच जिद्द होती. आज तर प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा आहे, आणि फितीचा खर्च इतिहासजमा झाला आहे. तरीही निवडीच्या चौक्या नाहीशा झालेल्या नाहीत, त्या निर्मितीकडून प्रसाराकडे सरकल्या आहेत. म्हणून स्वस्त साधन हाती आले की स्वातंत्र्य आपोआप येते, असे समजणे चुकीचे होईल. माया डेरेन यांनी नाट्यगृह भाड्याने घेतले, व्होगेल यांनी सभासद जमवले, मेकस यांनी सूची छापली. कर्ते, प्रेक्षक आणि वितरण यांची अशी वीण ज्या समाजाला घालता येते, त्याच समाजात अल्प धनाची कला जगते.

पुढील प्रकरणांची मांडणी याच विचाराने केली आहे: प्रथम साधने, मग संस्था, मग खटले, आणि सर्वांत शेवटी एकेका चित्रपटाचे रसग्रहण. हे चित्रपट वाचकाला आवडावेत असा माझा आग्रह नाही. त्यांतील काही पाहताना मान फिरवावीशी वाटेल, आणि तसे वाटणे अरसिकपणाचे लक्षण मुळीच नाही. आग्रह इतकाच आहे की त्यांच्याविषयीचे मत ऐकीव बातमीवर बनू नये. ज्या कलावंतांनी आपल्या कृतीसाठी स्वतःची मिळकत, स्वास्थ्य आणि प्रसंगी स्वातंत्र्य पणाला लावले, त्यांचे चित्रपट पाहून, तपासून, आणि पटले नाहीत तर कारणे देऊन नाकारणे, हा त्यांचा खरा सन्मान होय. आणि तेवढी मेहनत घेणारा प्रेक्षक मराठीत निर्माण व्हावा, म्हणून हा खटाटोप आहे.